सकूने सांगितलेला अर्थ

“सकूताई, हा मघापासून मला काय म्हणतोय?”

हवालदार कमलेशने पेन खाली ठेवलं. मोखाड्याच्या पोलीस ठाण्यातल्या बाकावर सकूच्या शेजारी लुका बसला होता, फोन अजून हातातच. बाहेर फाटकापाशी पोशेरा गावची तीस-चाळीस माणसं जमली होती. सकाळी गावाच्या वळणावर लुकाच्या मोटरसायकलने लाडक्याला उडवलं होतं. लाडक्या जव्हारच्या सरकारी दवाखान्यात होता. शुद्धीवर, पण मांडीचं हाड मोडलेलं.

सकू लाडक्याच्याच पाड्यावरची. ती वारली चित्रं काढायची. दोन वर्षांपूर्वी इटलीतल्या एका शाळेच्या भिंती रंगवायला गेली, तेव्हा चार महिने लुकाच्या आईकडे राहिली होती. त्या ओळखीने लुका इकडे आला होता, आणि त्याची भाषा कळते म्हणून पोलिसांनी तिला बोलावलं होतं.

“स्बिर्रो. फोनवर बोलताना दोनदा म्हणाला, माझ्याकडे बघून,” कमलेश म्हणाला. “फोनमध्ये अर्थ बघितला तर पोलीस असा येतो. मग हसला कशाला?”

सकूला शब्द माहीत होता. एकदा जेवताना लुका गाडी अडवणाऱ्या पोलिसाला तसं म्हणाला, तेव्हा आईने त्याला दटावलं होतं, पोलित्सियोत्तो म्हण. मग भांडी पुसताना तिने सकूला समजावलं होतं, की दोन्हींचा अर्थ पोलीसच, पण लुकाचा शब्द कुणाच्या तोंडावर म्हणायचा नसतो.

नुसतं ‘पोलीस’ म्हणतोय, असं सांगून सकूला सुटता आलं असतं. पण लुका फोनवर मित्राला पुढेही बोलला होता. ‘हा स्बिर्रो तेच तेच विचारतोय. माणूस अचानक आडवा आला असं मी सांगितलंय. खरं तर मी फोनवर नकाशा बघत होतो.’ इतकं भरभर बोललेलं सकूला कळणार नाही असं त्याला वाटलं असावं.

कागदावर ‘आडवा आला’ लिहून झालं होतं. ते तसंच राहिलं तर चूक लाडक्याची ठरणार. आणि खरं बोलावं, तर फाटकावरची माणसं लुकाला सोडणार नाहीत.

“शिवी आहे का?” कमलेशने विचारलं.

“साहेब, आधी दार लावा.”

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग उठून दार लावलं.

“आपल्याकडं पोलिसाला मागनं पांडू म्हणतात ना, तसंच हाय ते.”

“म्हणजे अपमानच.”

“अपमानच. पण तेवढ्यावर नका थांबू. पुढं काय बोलला ते आईका.” आणि तिने एका दमात सगळं सांगितलं.

लुका दोघांचे चेहरे बघत होता. त्याने आपल्या भाषेत विचारलं, “सकू, काय सांगितलंस त्याला?”

“तुत्तो,” ती म्हणाली. सगळं.

त्याचा चेहरा उतरला. याच्या आईने तिला तापात रात्रभर जपलं होतं. तरी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये ती म्हणाली, “लाडक्याचं घर माझ्या घराला लागून आहे. तुझं खोटं कागदावर राहिलं, तर मी त्याच्या दारावरून कशी जाऊ?”

लुकाने फोन बाकावर पालथा ठेवला. मग म्हणाला, “लिहायला सांग. मी नकाशा बघत होतो.”

कमलेशने नवा कागद घेतला. पाण्याचा ग्लास त्याने लुकापुढे जरा जोरातच आपटला, पण तो शब्द कागदात घेतला नाही.

जामीन दुपारी झाला. पासपोर्ट ठेवून घेऊन पोलिसांनी लुकाला मागच्या दाराने जीपमध्ये बसवलं आणि सकू त्याला घेऊन जव्हारला गेली. लाडक्याची बायको येसू खाटेपाशी बसली होती. लुकाने माफी मागितली, सकूने ती सांगितली. येसूने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“इचार त्याला, भाताची लावणी चार दिवसांवर आली. चिखलात कोण उतरंल?”

सकूने विचारलं. लुका म्हणाला, मी उतरतो.

“त्याला नाय जमायचं,” येसू म्हणाली. लाडक्याच्या अंगावरची चादर तिने सारखी केली. “रोपांच्या मुठी आणून देऊ दे बांधावर.”