सारोम आजीला कुणी मारलं

थिदा सकाळी दहाच्या सुमारास गावात पोचली, तेव्हा सारोम आजी खांबांवरच्या आपल्या घराखाली बसून मासे साफ करत होती.

"आलीस? आज किती रक्त पिणार आमचं?"

थिदा हसली. राजधानी नॉम पेनची प्रयोगशाळा, परदेशातलं एक विद्यापीठ आणि मेकाँग नदीकाठचं हे गाव यांना तापाच्या संशोधनासाठी एकत्र धरून ठेवणं, हीच नऊ वर्षं तिची नोकरी होती. पहिल्या वर्षी रक्त काढायची सुई पाहून बायका पळायच्या. झाडपाल्याची औषधं देणाऱ्या या म्हातारीनं सगळ्यांदेखत हात पुढे केला, तेव्हा कुठे काम सुरू झालं.

"आजी, माझ्याबरोबर शहरात चल. आत्ताच."

"पिच गेला म्हणून? मी पळाले, तर करणी मीच केली हे लोकांना खरंच वाटेल."

पिच हा गावप्रमुख वुथाचा सहा वर्षांचा नातू. आठवड्यापूर्वी तो तापानं गेला. शेवटच्या दिवशी आजीनं त्याला काढा पाजला होता, एवढंच निमित्त. त्याच्या रक्ताचा अहवाल चार दिवस थिदाच्या पिशवीत पडून होता. डेंग्यू. पण सगळ्या भागीदारांच्या सह्यांशिवाय निकाल फोडायचा नाही, असा करार होता. त्याचा मसुदा थिदानंच केला होता.

कुत्री भुंकू लागली. पिचचा बाप रिन पुढे, मागे तिघंजण. चौघांच्या हातात कोयते. समोरच्या आपल्या घराच्या दारात वुथा येऊन उभा राहिला.

"बाजूला हो, ताई," रिन म्हणाला. "तुझ्याशी आमचं भांडण नाही."

"रिन, डासाचा ताप होता रे तो. हा बघ कागद."

"माझं पोर मेलं तेव्हा कुठे होता कागद?"

त्यानं तिला ढकलून दिलं. आजीनं दोन्ही हात डोक्यावर धरले. पहिला घाव मनगटावर बसला, दुसरा मानेवर. थिदानं मधे हात घातला आणि तिची दोन बोटं तुटून चिखलात पडली. आजी पडल्यावरही ते थांबले नाहीत. शेजारणींनी खिडक्या लावून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात थिदाचे साहेब, डॉ. सोफाल, खाटेजवळ बसले. "मारेकरी अनोळखी होते, असं सांग. गाव आपल्यापासून तुटलं तर नऊ वर्षांचं काम पाण्यात जाईल."

"कामासाठी चार दिवस गप्प बसले, साहेब. त्यात आजी गेली. आता नाही."

हाताला पट्टी होती तशीच ती पोलीस चौकीत गेली. फौजदारानं तिला न्याहाळलं. "इतकी वर्षं त्यांच्या घरी जेवलीस. आता त्यांनाच तुरुंगात घालणार?"

"जेवले, म्हणून तर प्रत्येकाचं नाव ठाऊक आहे. लिहा."

चार नावं लिहून झाली. पाचवं वुथाचं आलं, तशी लेखणी थांबली.

"त्यानं तर हात लावला नाही म्हणतेस."

"तो दारात उभा होता. एक शब्द बोलला असता, तर चौघंही थांबले असते," थिदा म्हणाली. "लिहा."