काळा काप

"अहो ताई, दार लावा आधी!" अंधाऱ्या खोलीतून डॉक्टर मॅडम ओरडल्या.

ताईंनी दार ओढून घेतले. प्रयोगशाळेत यकृताचे गोठवलेले तुकडे कापून त्यांचे पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, हे त्यांचे काम. हात इतका बसलेला की काम करता करता संध्याकाळची भाजी ठरवून व्हायची. आज भाजीबिजी काही सुचत नव्हती. आजचा तुकडा त्यांच्या नवऱ्याचा होता. पोटाला सूज आली म्हणून परवाच सुईने काढलेला.

"दुसऱ्या कुणाला देऊ का?" मॅडमनी सकाळी विचारले होते.

"नको. माझं माणूस आहे, मीच कापते."

यकृतात काही पेशी असतात, ताऱ्यासारखे फाटे फुटलेल्या. शरीरातले बहुतेक सगळे अ जीवनसत्त्व त्या चरबीच्या थेंबांत साठवून ठेवतात. अतिनील दिव्याखाली ते थेंब हिरवट निळे चमकतात, पण क्षणभरच. बघत बसलात तर चमक डोळ्यांदेखत विझते. ताईंनी आज मॅडमच्या आधी घाईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला होता. काप काळा दिसला.

"मॅडम, मघाशी माझ्याकडून दिवा जास्त वेळ चालू राहिला असणार. चमक मीच घालवली. दुसरा घेऊ?"

आपली चूक निघावी, असे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होते.

दुसरा काप लावला. या वेळी मॅडम आधीपासून डोळा लावून बसल्या होत्या. दिवा लागला. एकदोन फिकट ठिपके, बाकी अंधार.

"यकृताला सारखी इजा होत राहिली की या पेशी साठा सोडून देतात, आणि व्रणाचे धागे तयार करत बसतात," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मिस्टरांना तिन्हीसांजेला कमी दिसतं का हो?"

"नाही," ताई म्हणाल्या. फारच पटकन म्हणाल्या.

धडधडीत खोटे होते ते. दिवस कलला की हा माणूस स्वतःच्या घरात भिंती चाचपत होता. त्यांनी त्याला गाजरे खाऊ घालून घालून बेजार केले. "ससा करून सोडणार तू मला," तो हसायचा. एकदा मात्र हसला नव्हता. "कुठं बोलू नकोस. बस सुटली हातातून, तर मी कोण गं?" कारखान्याची बस चालवायचा तो. संध्याकाळच्या पाळीची माणसे घरी सोडायचा. दोन दिवस घरी बसलो ते पुरे, म्हणून आज पुन्हा गेला होता.

ताईंनी धुतलेल्या काचा पुन्हा धुतल्या. खिडकीशी गेल्या, परत आल्या. उन्हे भिंतीवरून सरकत होती. बसमधल्या कुणाकुणाची पोरे घरी वाट बघत असतील, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. त्या तशाच ओल्या हातांनी मॅडमच्या टेबलाशी गेल्या.

"मॅडम, मी खोटं बोलले. दिसत नाही त्यांना. आत्ता बस काढतील."

"मग इथं काय करताय? पळा! आणि अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनानं देऊ नका. जास्त झालं तर त्याच यकृताला भारी पडेल."

त्या कारखान्यावर पोचल्या तेव्हा अंधारून आले होते, बस भरली होती. इंजिन घरघरत होते. त्या ड्रायव्हरच्या दाराखाली उभ्या राहिल्या.

"अहो, उतरा खाली."

त्याने आवाजाकडे मान वळवली. नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली. "तू? इथं कशाला आलीस? लोकांसमोर नको गं."

"मी कुठं उभी आहे सांगा, लगेच जाते."

तो डोळे फाडून अंधारात शोधत राहिला. ताईंना रडू फुटले. तोंड दाबून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं उस्ताद? गाडी बिघडली काय?" मागून कुणीतरी विचारले.

त्याने इंजिन बंद केले. किल्ली काढून पुढच्या बाकावरच्या माणसाच्या हातात दिली.

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "दुसरा ड्रायव्हर बोलवा. मला अंधारात दिसत नाही."

त्याने दार उघडले, दांडी धरली आणि एक पाय खाली सोडून पायरी शोधू लागला. ताईंनी हात पुढे केला नाही. सगळी बस बघत होती.

"अजून एक पायरी आहे," त्या हळूच म्हणाल्या.