नवशीची पंगत

समानतेचा धडा जयश्रीबाईंनी इतक्या वर्षांत इतक्यांदा शिकवला होता, की आता तोंड आपोआप चालायचं. सातवीतली सुनिता उठली आणि तिने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. बाईंनी शाबासकी दिली.

दुपारी खिचडीच्या पंगतीत नवशी सुनिताशेजारी बसायला गेली, तशी सुनिताने ताट उचललं आणि पलीकडे सरकली. नवशी कातकरीवाडीतली; कातकऱ्यांना सुनिताच्या पाड्यावरचे आदिवासीही खालचे मानत. आईबाप वीटभट्टीवर गेले, तेव्हापासून आजीकडे राहत होती. ती ताट घेऊन भिंतीकडेला जाऊन बसली.

रागवायचंही बाईंच्या जिवावर आलं. दरवर्षी कुणीतरी सरकायचंच. तरी शाळा सुटल्यावर घरी जायची खोडाळ्याची जीप सोडून देऊन त्या सुनिताच्या पाड्यावर गेल्या. तिची आई सोनी अंगणात नागली पाखडत होती.

"मीच सांगलंय तिला, कातकऱ्याजवळ बसू नको," सोनी म्हणाली. "कचेरीत गेलो तर आम्हाला कोण जवळ बसवतं, बाई?"

"नाही ना बसवत? मग लागतं ना मनाला?"

सोनीचं सूप थांबलं. ती म्हणाली, "बसंल पोरगी. तुमच्या शब्दासाठी."

दुसऱ्या दिवशी सुनिता मुकाट्याने नवशीशेजारी जाऊन बसली. नवशीच उठली आणि भिंतीकडे गेली.

"काय गं?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगलं म्हणून बसते ती. मला नको तसं."

 याचं उत्तर पुस्तकात नव्हतंच. आपलं ताट घेऊन बाई भिंतीपाशी नवशीजवळ टेकल्या. दोघी तिथेच जेवल्या. मग नवशीचं म्हणणं त्यांनी सुनिताला जसंच्या तसं सांगितलं आणि वर एक शब्दही जोडला नाही.

आठवडा असाच गेला. बाई रोज भिंतीपाशी जेवत, पाठ दुखे. सुनिता मान खाली घालून खाई.

शनिवारी पंगतीतून अचानक सुनिताची हाक आली, "नवशे, ये ना इकडं! निवतंय सगळं."

नवशी जागची हलली नाही. तिने सुनिताकडे नीट पाहून घेतलं. मग उठली, गेली, आणि मध्ये वीतभर जागा ठेवून बसली.

बाईंना आनंदबिनंद काही झाला नाही. सोमवारी पुढचा धडा घ्यायचा होता. त्यांनी फक्त भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले.