भागूबाईचं रक्त

लोकांना नावं ठेवायला भागूबाईला कुणी शिकवलं नव्हतं, ती ते उपजतच घेऊन आली होती. लोधिवलीचा सरपंच तिच्या लेखी शेणगोळा, डॉक्टर तेवढे सगळे लुटारू, मुलगा मनोज बायकोच्या ताटाखालचं मांजर. आणि सून समीक्षा? ती मोहोपाड्याच्या केमिकल कंपनीत 'बाटल्या धुनारी'. समीक्षा तिथल्या लॅबमध्ये केमिस्ट होती, चांगली एम.एस्सी. झालेली, पण सासूने ते नऊ वर्षांत एकदाही मान्य केलं नाही.

तर या भागूबाईच्या गळ्यात सुपारीएवढी गाठ आली. सुई घालून पेशी तपासल्या, तर साधी की कॅन्सरची ते ठरेना. मुंबईच्या इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, अशा वेळी थायरॉईडचा गाठीकडचा अर्धा भाग काढायचा आणि मग नीट तपासायचं. काढल्यावर बऱ्याच जणींची गाठ साधीच निघते, हेही त्याने लपवलं नाही.

"म्हंजे आदी गळा चिरायचा नि मंग बगायचं, चिरायला पायजे व्हता का ते," भागूबाई म्हणाली. "नि यांना शिकलेली मानसं म्हनायची." इथे मात्र बाई बरोबर बोलली.

मार्ग समीक्षाने शोधला. त्याच इस्पितळात रक्तावर एक नवा अभ्यास चालू होता. पेशी काय खातात, काय टाकतात, त्याचे बारीक अंश रक्तात उतरतात. मशीन ते शेकड्यांनी मोजतं. साध्या गाठीचा ठसा वेगळा उमटतो, कॅन्सरच्या गाठीचा वेगळा. ठसा साध्या गाठीचा आला, तर डॉक्टर सुरी बाजूला ठेवून सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायला तयार होता. अटी दोनच. रात्रीपासून तोंडात पाण्याशिवाय काही घालायचं नाही, आणि आधी महिनाभर तंबाखूला शिवायचं नाही, कारण तंबाखू त्या मोजमापात घोळ घालते.

आता गोम होती मिश्रीची. मागच्या गणपतीत सगळ्या भावकीसमोर, नातवाच्या डोक्यावर हात ठेवून, भागूबाईने मिश्री सोडल्याची शपथ घेतली होती. डबी तांदळाच्या पिंपात गेली, एवढंच. शिवाय बाईचं शास्त्र पक्कं. मिश्री दातांना लावायची नि थुंकायची, गिळतंय कोण? पोटात जात नाही ती रक्तात कुठून जाणार? रक्त द्यायच्या सकाळी धास्तीपायी तिने ती एकदा सोडून दोनदा लावली, मिठाच्या पाण्याने चूळ भरली आणि स्वतःला उपाशी समजून गाडीत बसली.

"आई, मिश्री लावली नाही ना? रक्तात सगळं दिसतं," समीक्षाने वाटेत विचारलं.

"माज्या रगतात काय दिसतं ते तू नको सांगू. तू बाटल्या धू."

तीन आठवड्यांनी डॉक्टरने तिघांना समोर बसवलं. "मावशी, रक्तात तंबाखू भरपूर आहे. असा नमुना वाचता येत नाही. मिश्री लावता ना? लाजू नका, निम्म्या बायका लावतात. महिनाभर बंद ठेवा, पुन्हा रक्त घेऊ. तेवढं थांबायला हरकत नाही."

किती सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. पण एका बाजूला मनोज, दुसऱ्या बाजूला समीक्षा, आणि त्या 'हो'पाठोपाठ नातवाच्या डोक्यावरची खोटी शपथ उघडी पडणार. सुनेपुढे मान खाली घालायची? भागूबाईने पदर सावरून घेतला.

"मी लावत नाय. तुमची मशीन खोटी हाय."

"आई, एकच महिना," समीक्षा म्हणाली. "कुणी काही बोलणार नाही."

"तू गप गं." आणि डॉक्टरकडे वळून, "कापा."

डॉक्टरने पुन्हा समजावलं. आईपुढे मनोजची जीभ कधी उचललीच नव्हती. शेवटी कापलं.

गाठ साधी निघाली. मनोजने आळीत पेढे वाटले, इतका तो मूर्ख. बायका खण नि नारळ घेऊन आल्या, देव पावला म्हणाल्या, आणि गळ्यावर पट्टी बांधलेली भागूबाई सगळ्यांना हो हो म्हणत राहिली. पुढे उरलेली अर्धी ग्रंथी पुरी पडेना, तेव्हा रोजची गोळी मागे लागली, ती जन्मभराची.

ती गोळी सकाळी समीक्षाच आणून द्यायची. उलटून एक शब्द नाही, की तोंड वाकडं केलेलं नाही. भागूबाई रोज वाट बघायची, आज बोलेल, आज ऐकवेल. सुनेच्या या गप्प राहण्याची तिला भीती वाटायला लागली होती. एका सकाळी तिलाच राहवलं नाही.

"बोल की गं काय बोलायचं ते. मीच लावलीवती मिश्री. बिनकारन गळा चिरून घेतला. म्हन मला येडी."

समीक्षा डब्यात पोळ्या भरत होती. तिने वर पाहिलंही नाही.

"पाणी तिथं ठेवलंय," ती म्हणाली, आणि डबा घेऊन कंपनीच्या बससाठी निघून गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, कीवही नव्हती. सुनेच्या खिजगणतीतच आपण आता नाही, हे भागूबाईला कळलं. तिने गोळी गिळली.