आमच्या घरातला फॉल्ट

टेलिफोन खात्यात मी अठ्ठावीस वर्षं केबल जॉइंटर होतो. जमिनीखालच्या केबलमधल्या शेकडो तारा एकमेकींना बिनचूक जोडायच्या आणि कुठे बिघाड झाला की तो शोधून काढायचा, हे माझं काम. माझ्या हद्दीतली एकही तक्रार कधी शिळी झाली नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. माझी बायको ललिता म्हणते, "तुम्ही रिटायर झालात, तुमची फुशारकी अजून ड्यूटीवर आहे." म्हणू दे. अभिमान वाटण्यासारखं केलं असेल, तर माणसाने तो खिशात कशाला ठेवायचा?

दुसरा अभिमान म्हणजे आमची कल्याणी. या गोष्टीच्या वेळी वय सत्तावीस, हडपसरच्या आयटी कंपनीत इंजिनियर. गळ्यात ओळखपत्र अडकवून सकाळी कात्रजच्या चौकात ती कंपनीच्या बसमध्ये चढायची, तेव्हा मी दूध आणायच्या निमित्ताने खाली उतरायचो. दूध सहालाच आलेलं असायचं. माझे वडील मंडईत पाठीवर पोती वाहायचे. हे बघायला ते हवे होते, असं रोज वाटायचं.

दोन हजार तीन साली हिने लग्नासाठी आपलं नाव इंटरनेटवर नोंदवलं. मी म्हटलं, "भाजी मांडल्यासारखं?" तर म्हणाली, "पप्पा, परिचय मेळाव्यात तुम्ही वेगळं काय करता? तिथे तर चहाही गार असतो." त्या साइटवरच्या फॉर्मात धर्माचा रकाना होता. ऑफिसातल्या मैत्रिणीने सल्ला दिला, तो रिकामा ठेव, जास्त मुलं विचारतील. कल्याणीने तिथे 'बौद्ध' लिहिलं आणि मैत्रिणीला फोनवर सांगितलं, "अगं, ती जागा माझ्या आजोबांनी छप्पन्न साली भरलीय. मी रिकामी कशी ठेवू?" मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. दोन दिवस मला जेवणात मीठ कमी की जास्त ते कळलं नाही.

दीड वर्षात तिला एकच मुलगा आवडला. नाशिकचा बुद्धभूषण, कारखान्यात इंजिनियर. रोज संध्याकाळी आठ ते नऊ दोघं कॉम्प्युटरवर लिहून बोलायचे. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरूनच यायचं. मोडेमचा डबा आधी कोकलायचा, खरखरायचा, मग जोडला जायचा. हॉलमध्ये ललिताची मालिका, आत कल्याणीची खटखट. ती मध्येच हसायची, तेव्हा आम्ही दोघं टीव्हीकडे बघत कान आत ठेवायचो.

आणि एके दिवशी आतून ओरडली, "गेली! लाईन गेली!"

पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग तिसऱ्यांदा. त्यानंतर दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली ती पांढरीफटक. म्हणाली, "पप्पा, तो लाजरा आहे. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलतो आणि मग लिहितो, 'एक विचारायचं होतं.' नेमकी तेव्हाच लाईन जाते. दुसऱ्या दिवशी मी विचारलं की म्हणतो, राहू दे. आज त्याची मेल आलीय. म्हणे, 'मी विषय काढला की तुम्ही निघून जाता. समजलो मी. आपण थांबू.'"

"मग सांग ना त्याला, लाईन जाते म्हणून."

"सांगितलं होतं. तो म्हणाला, तुमचे वडील टेलिफोन खात्यातले ना?"

हे मात्र माझ्या वर्मी लागलं. माझ्या घरची लाईन जाते? मुलगी रडकुंडीला आलेली, आणि मी आधी माझ्या अब्रूचा विचार केला, हे आज कबूल करतो. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची हत्यारांची पिशवी काढली. जिन्यातली पेटी उघडली, सगळे जोड पुन्हा केले, गच्चीवरची तार बदलली. शेजारचे रावसाहेब म्हणाले, "साठी उलटली, आता तरी खाली उतरा." मी उतरलो नाही. फॉल्ट कुठेच नव्हता. लाईन टकाटक होती.

संध्याकाळी कल्याणीला म्हटलं, "जोड इंटरनेट, मी बघतो." ती उदास होऊन आत बसली. आठ वाजले, सव्वाआठ झाले, लाईन शाबूत. साडेआठला मालिकेत जाहिराती लागल्या. मी उठलो, हॉलमधल्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला, आत कर्कश किंचाळणं ऐकू आलं, आणि आतल्या खोलीतून कल्याणी ओरडली, "गेली!"

मी रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो.

जेवायच्या आधी रिसीव्हर उचलायचा, टोन ऐकायचा, ठेवायचा. नोकरीतली सवय. दुसरी माणसं गॅस बंद आहे का बघतात, मी टोन बघतो. एकाच तारेवर इंटरनेट चालू असताना दुसरा फोन उचलला की जोड तुटते, हे मला कळायला हवं होतं. रोज नाही उठायचो. मालिका रंगली की विसरायचो. ज्या दिवशी आठवलं, त्या दिवशी पोरीच्या आयुष्यावर घाव घातला.

ललिताने टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "सापडला का फॉल्ट?"

मी कल्याणीला सगळं सांगितलं. ती चिडली नाही, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाली, "आता मी त्याला काही कळवणार नाही. विनवण्या करून लग्न नको मला."

"तू नको करू. चूक माझी, कळवणार मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉम्प्युटरपुढे बसलो. रोमन अक्षरांत मराठी, एका बोटाने. दीड तासाने पत्र झालं, आणि कुठली कळ दाबली कोण जाणे, सगळं गायब. त्या यंत्राला मी खात्यातली ठेवणीतली शिवी दिली आणि पुन्हा बसलो. दुसरं पत्र छोटं झालं: 'मुलीकडून दोष नव्हता. दोष तिच्या बापाचा. अठ्ठावीस वर्षं लाईन तपासणाऱ्या माणसाने तीन वेळा तुमचं बोलणं तोडलं. मुलगी हे सांगणार नाही, ती मानी आहे, आणि ते मला आवडतं. भीमराव ओव्हाळ.'

दोन दिवस काही आलं नाही. ते दोन दिवस मी बायकोशीही धड बोललो नाही.

शनिवारी संध्याकाळी फोन वाजला. "जय भीम, काका. बुद्धभूषण बोलतोय. कल्याणींना देता का? एक विचारायचं होतं."

मी तिच्या हातात रिसीव्हर दिला. ललिताने चालू मालिका बंद केली. लग्नाला तीस वर्षं झाली, असं कधी घडलं नव्हतं.

कल्याणी ऐकत राहिली. मग म्हणाली, "नाही. लग्नानंतर मी पुणं सोडणार नाही. माझं काम मला आवडतं आणि मी ते मेहनतीने मिळवलंय. हे जमत नसेल तर आत्ताच सांगा, मला राग येणार नाही."

अगं, जरा गोड बोल, असं ओठांवर आलं. पण तिची ताठ मान बघितली आणि गप्प बसलो. तिने पलीकडचं बोलणं ऐकून घेतलं. मग ती हसली.

"पप्पा," रिसीव्हरवर हात ठेवून ती म्हणाली, "पहिल्यांदा विचारायला निघाला होता ना, त्याच आठवड्यात त्याने पुण्यातल्या दोन कंपन्यांत अर्ज टाकलेत. उद्या आई-वडिलांना घेऊन येतो म्हणतोय. मी या म्हटलं. तुम्हाला विचारलं नाही."

"कशाला विचारायचं?" मी म्हटलं. "तुझं तू ठरवलंस. चांगलं ठरवलंस."

आणि मी मोरीत जाऊन उगाच तोंड धुवत बसलो. ललिता दाराशी येऊन उभी राहिली.

"रडताय?"

"नाही."

"रडा हो. पोरगी आपलीच आहे."