दालचिनीचं गंध

चिमणाबाईंच्या हातचं गंध लागल्याशिवाय शिवाजी पेठेतल्या आमच्या विठ्ठल मंदिरात कीर्तनाला बसायची कुणाला सवयच नव्हती. मार्गशीर्षातला सप्ताह लागला की दिवस कलायच्या आत त्या दाराशी येऊन बसायच्या. पुढ्यात सहाण, हातात चंदनाचं खोड, शेजारी पाण्याचा तांब्या. आत येणारा वाकला की मधल्या बोटानं कपाळावर उभं गंध ओढायच्या आणि वर एक वाक्य फुकट द्यायच्या. "काल का न्हाई दिसलास?" "टोपी नीट घाल की." "पोटभर जेवून आलायस, आता झोपशील बघ." गंध थंडगार आणि बोलणं तिखट. माणूस हसतच आत जायचा आणि टाळ हातात घ्यायचा. कीर्तन तिथूनच सुरू व्हायचं म्हणा ना.

सत्त्याण्णव सालच्या सप्ताहाला मंदिराच्या कमिटीचे अध्यक्ष गणपतराव यांनी नवं खोड आणलं. दिसायला झकास, पण कितीही उगाळलं तरी वास म्हणून येईना. चिमणाबाईंनी ते नाकाशी धरलं आणि विचारलं, "गणपतराव, हे चंदन हाय का बाभूळ?"

"वैनी, देव वास घेत न्हाई, भाव घेतो."

"देवाचं देव बघंल. माणसाला नाक हाय."

चार-पाच दिवस त्यांनी ते कसंबसं चालवून घेतलं. लोकांना काही जाणवलं नाही, पण वास नसलेलं गंध लावताना त्यांचा हात जड व्हायचा.

त्यांच्या घरात एक तपकिरी बाटली होती, दालचिनीच्या तेलाची. थंडीत गुडघे धरायचे, म्हणून ईरप्पांनी दिलेली. ईरप्पा मूळचे जयसिंगपूरकडचे. कोल्हापुरात त्यांचं मसाल्याचं आणि तेलांचं दुकान. लिंगायत माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि कीर्तनाचा असा नादी की दुकानाचं शटर ओढून मंदिराच्या खांबाला टेकून बसायचा. बाटली देताना त्यांनी बजावलं होतं, "अक्का, मोठ्या वाटीभर खोबरेलात दोन थेंब. तिसरा न्हाई. नुसतं तेल कातड्याला लावायचं न्हाई, तोंडाला न्हाई, डोळ्याजवळ तर न्हाईच. पोराबाळांच्या हाताला लागंल असं ठेवायचं न्हाई."

चिमणाबाईंनी सगळं पाळलं होतं. वाटीतलं तेल रात्री गुडघ्यांना चोळलं की आत उबदार वाटायचं, सकाळी मांडी घालता यायची. बाटलीतला एखादा थेंब कापसावर टाकून गुळाच्या डब्याच्या फळीवर ठेवला, तर मुंग्यांनी तिकडची वाटच सोडली. तेलावर त्यांचा भरवसा बसला होता, आणि स्वतःवर तर पहिल्यापासूनच होता.

काल्याच्या आदल्या दिवशी त्या बाटली घेऊनच दाराशी बसल्या. हिशेब सरळ होता. तेल गरम, चंदन थंड. ठेच्यावर दही घालतोच की आपण, मग ही दोघंही एकमेकाला सांभाळून घेतील. सहाणेवर वाटीभर गंध उगाळून झाल्यावर त्यांनी फोडणी ओतावी तशी बाटली वर कलती केली.

वास थेट रस्त्यापर्यंत गेला. गणपतराव पायऱ्यांवरच थांबले. "वैनी, आज देवाच्या घरी पुलाव शिजलाय काय?"

"खोड तुम्ही आणलंय, वास मी आणलाय. वाका."

त्या दिवशी कीर्तनाला सयाजीबुवा होते, शाहूवाडीकडचे. डोंगरातला माणूस. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या बाईला शब्द कळायचा. चिमणाबाईंनी त्यांचं कपाळ हात सैल सोडून, जाडजूड गंधानं भरलं. बुवा उभे राहिले, विणेकऱ्याच्या पाया पडले, मृदंगावर थाप पडली.

नामाचा गजर वाढला तशी कपाळं तापायला लागली. आम्हाला आपलं वाटलं, रंग चढतोय. पुढच्या रांगेतला एक म्हातारा तर डोळे मिटून म्हणाला, "आज अंगात ऊब आली बघा." मग त्यानंच टाळ खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी कपाळ चोळायला लागला. त्याच्या शेजारचाही तेच करायला लागला. बुवांना घाम फुटला होता. त्यांनी उपरण्यानं तो पुसला, तसं गंध भुवयांपर्यंत पसरलं. दोन शब्द बोलून ते थांबले. बोलताना सयाजीबुवा मधेच थांबलेले आम्ही कधी पाहिले नव्हते.

कुणीतरी धावत तांब्या आणला आणि त्यांच्या कपाळावर पाणी मारलं. आग आणखीच खाली उतरली.

खांबापाशी ईरप्पा ताडकन उभे राहिले. विभूतीवर ते गंध लावून घेत नसत, त्यामुळे सगळ्या मंदिरात त्यांचंच कपाळ थंड होतं. उशिरा आले होते. आल्यापासून तो वास त्यांच्या नाकात घोळत होता, पण प्रसादाचा असेल म्हणून गप्प बसले होते.

"पाणी थांबवा," ते ओरडले. "डोळे मिटून घ्या सगळ्यांनी. समईचं तेल आणा, साधं शेंगतेल. दालचिनीचं तेल पाण्यानं जात न्हाई, नुसतं पसरतंय. साध्या तेलात ते विरघळतंय. फडक्यावर घ्या आन डोळ्याकडनं वर पुसा, खाली न्हाई. मग साबण आन भरपूर पाणी."

समईच्या तेलाचा डबा हातोहात फिरला. शेंगतेलानं चकाकणारी कपाळं घेऊन माणसं नळापाशी रांगेत उभी राहिली. कुणाच्या डोळ्यात काही गेलं नाही, ही पांडुरंगाची कृपा. बुवांच्या कपाळावर मात्र तांबडा चट्टा उठला आणि त्या दिवशीचं कीर्तन तिथंच संपलं.

चिमणाबाई दारातून उठून सभामंडपाच्या मधोमध आल्या. "तेल मी घातलं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "ईरप्पाण्णानं नको म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं, चंदन त्याला थंड करंल."

"अक्का, गंधात पाणी असतंय," ईरप्पा हळू आवाजात म्हणाले. "तेल त्यात मिसळत न्हाई, तरंगतंय. ज्याच्या कपाळावर आलं त्याला नुसतंच लागलं. आन कपाळाचं कातडं गुडघ्यासारखं न्हवं. ही सहाणसुद्धा आता गंधाला घेऊ नका, दगड तेल प्यालाय."

गणपतरावांचं कपाळ अजून हुळहुळत होतं. "उद्यापास्नं डबीतलं गंध आन पितळी शिक्का," ते म्हणाले. "वैनींनी आत बसून निवांत कीर्तन ऐकावं."

बोलणं वाईट नव्हतंच. पण चिमणाबाई कधी आत बसल्याच नव्हत्या. दारातली जागा हीच त्यांची सेवा होती, आणि गणपतरावांनी ती चार शब्दांत काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन. चिमणाबाई दिवस कलायच्या आत आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. पुढ्यात शेजारच्या बनाबाईची सहाण, तेच बिनवासाचं खोड, तांब्या. समोरच्या अंगाला गणपतराव डबी आणि शिक्का घेऊन उभे. दोघं एकमेकांकडं बघेनात. माणसं आली आणि पायरीवरच घुटमळायला लागली. चिमणाबाईंकडं वाकावं तर कालची आग आठवायची. शिक्का मारून घ्यावा तर म्हातारीच्या डोळ्यांदेखत कसा घ्यायचा? रांग रस्त्यापर्यंत गेली, पुढं कुणी सरकेना.

तेवढ्यात सयाजीबुवा आले. चट्टा तसाच होता.

गणपतराव लगबगीनं म्हणाले, "म्हाराज, तुम्ही सरळ आत चला. डॉक्टरांनी सांगितलंय, कपाळाला काही लावायचं न्हाई."

"व्हय, कपाळाला सुट्टी हाय," बुवा म्हणाले. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली, चिमणाबाईंसमोर मांडी घातली आणि हनुवटी वर केली. "माउली, इथं लावा."

ते गळा दाखवत होते. तासाभरात ज्याच्यावर सगळा काला उभा राहायचा होता, तोच गळा.

चिमणाबाईंचं बोट गंधात होतं, पण त्यांनी ते उचललं नाही. डाव्या हाताची बाही वर सारली. कोपराच्या आतल्या नाजूक कातड्यावर वाळलेल्या गंधाचा पांढुरका ठिपका होता.

"आधी हे बघा," त्या म्हणाल्या. "सकाळी ह्याच सहाणेवर, ह्याच खोडाचं लावलंय. तांबडं न्हाई, खाज न्हाई. आता वास घ्या."

बुवांनी वाकून वास घेतला. "वासच न्हाई."

"न्हाईच हाय. चालंल?"

"वासाचं मी बघतो आत गेल्यावर," बुवा म्हणाले. "तुम्ही लावा."

चिमणाबाईंनी गळ्यावर गंध ओढलं. बुवांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "थंड हाय." मग उठून आत गेले. आतून वीणा लावल्याचा आवाज आला.

रांग हलली. सगळ्यात पुढं गणपतरावच होते. डबी खिशात घालून त्यांनी टोपी काढली आणि वाकले. "जरा बेतानं, वैनी."

"पुढच्या वर्षी खोड मी निवडणार," चिमणाबाई म्हणाल्या आणि बोट गंधात बुडवलं. "वाका नीट."