जहूरच्या बदल्यात

"फाउल! रायकर साहेब, हा तर उघड उघड फाउल!" धनंजय ओरडला आणि शिट्टी अशी काही फुंकली की माझ्या हातातला चहा साडीवर सांडला.

शारजातल्या कंपनीच्या कॅम्पमागचं बास्केटबॉलचं मैदान. मधोमध प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर गळ्यात हार घालून आमचे हे. समोर चटईवर जुने खेळाडू. या मंडळींची रीतच होती तशी. कोणी कायमचा मायदेशी निघाला की त्याला असं मधोमध बसवायचं आणि त्याची झडती घ्यायची. खेळाडू असला तर त्याचे चुकलेले नेम काढायचे. हे पडले टीमचे मॅनेजर, म्हणून कोणाला आणलं आणि कोणाच्या बदल्यात कोणाला दिलं ते काढायचं. सौदा जमला असेल तर टाळ्या, फसला असेल तर शिट्टी.

खरं तर आमच्या ह्यांनी आयुष्यात चेंडूला हात लावला नव्हता. हे कंपनीत पर्सोनेल ऑफिसर. मालकाचा मुलगा अमेरिकेतून शिकून आला तो बास्केटबॉलचं वेड घेऊनच, आणि टीम उभी करायचं काम ह्यांच्या गळ्यात पडलं. ह्यांना माणसांची पारख आहे, असं सगळे म्हणायचे. मला पसंत केलं त्यावरून तरी असावी.

"तो ताडमाड जोसेफ आणलात केरळचा," धनंजय म्हणाला. धनंजय नागपूरचा, टीमचा पहिला कॅप्टन. "चेंडू अंगावर आला की डोळे मिटायचा हो तो!"

शिट्टी.

"रोडेलला आणलं तेव्हा आपण सगळे हसलो होतो. म्हटलं, एवढासा फिलिपिनो काय दिवे लावणार! आणि त्यानेच रमझानची टूर्नामेंट जिंकून दिली."

टाळ्या. रोडेलने उठून वाकून नमस्कार केला.

"आणि दोन चांगले गडी देऊन शेजारच्या कंपनीची मिनीबस घेतलीत, त्याचं काय?"

"अरे, मग मॅचला काय उंटावर बसून जाणार होतात?" हे म्हणाले, आणि सगळं मैदान खदखदून हसलं.

मी हसले नाही. माझं लक्ष फाटकाकडे होतं. ह्यांना न सांगता मी एका माणसाला बोलावलं होतं, आणि तो येतो की नाही या काळजीने माझा जीव टांगणीला लागला होता.

स्पष्टच सांगते. आमचं विमान दुसऱ्या दिवशी होतं, आणि मला जहूरला पुण्याला न्यायचं नव्हतं.

जहूर महाडकडचा, पण वाढला मुंबईत नागपाड्याला. उंची बेताची, पण चपळ असा की बघत राहावं. हेच त्याला घेऊन आले होते. आता बास्केटबॉल खेळणारा म्हणून व्हिसा कोण देणार? कंपनीकडे कोटा होता मेसनचा, पेंटरचा, स्टील फिक्सरचा. जो रिकामा असेल त्यावर खेळाडू यायचा. जहूरच्या कागदावर मेसन लागलं. गवंडी! कागदापुरतं हो. काम स्टोअरमध्ये, संध्याकाळी मैदान. सगळ्याच टीमांत असं चालायचं.

शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला असायचा. दाराबाहेर बूट काढायचा ते उलटे फिरवून, टाचा दाराकडे करून ठेवायचा. "वहिनी, निघताना सोपं पडतं," म्हणायचा. माझी आमटी वाटीने नाही, पातेल्याने प्यायचा मेला.

मग चौऱ्याण्णवच्या सुमारास दुबईच्या देऱ्यातल्या एका कंपनीकडचा नबील ह्यांच्या नजरेत भरला. सहा फुटांच्या वर उंच. त्याच्या बदल्यात त्यांना जहूर हवा होता. ह्यांनी जहूरचं रिलीज, म्हणजे त्याला सोडल्याचं पत्र, लिहून दिलं आणि मग त्याला सांगितलं. आधी विचारलं नाही. "तुम्ही ठरवलंत ना साहेब, मग खलास," एवढंच तो म्हणाला आणि पातेलं पुसून उठला.

नबील आला आणि आम्ही कप जिंकलो. पेपरात फोटो आला. तिकडे त्या कंपनीने टीमच बंद करून टाकली. तिथल्या फोरमनने जहूरचा कागद बघितला. मेसन ना? चल, चढ वर. ज्याने जन्मात हातात थापी धरली नव्हती, त्याला परांचीवर चढवलं.

त्याने फोन केला होता. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. हे म्हणाले, "थोडं थांब रे, सीझन संपू दे. परत आणतो तुला, इन्शाल्ला." सीझन संपायच्या आधीच तो वरून पडला. त्याला इथेच, शारजाच्या वाळूत पुरलं.

तेव्हापासून आमच्या घरात तो आहे. भूतबीत मी मानत नाही. पण हे घरी आले की आपले बूट भिंतीकडे सरकवतात आणि दाराशी एका जोडाएवढी जागा मोकळी सोडतात. रोज. पाहुण्यांनी तिथे चपला काढल्या की ह्यांचा चेहरा कावराबावरा होतो. मी चिडले, रडले, एकदा मुद्दाम तिथे कुंडी ठेवली. दुसऱ्या दिवशी कुंडी गॅलरीत. एकदा रात्रीच्या जेवणाला माझ्याकडून चुकून तिसरं ताट वाढलं गेलं, तेव्हा मात्र मीच घाबरले.

म्हणून मी मोहिद्दीनला निरोप धाडला. जहूरचा थोरला भाऊ. औद्योगिक भागात पाण्याचा टँकर चालवायचा. इतकी वर्षं त्याच्यासमोर जायची ह्यांची छाती झाली नव्हती. म्हटलं, येऊन एकदाची शिवी घालू दे, नाहीतर माफ करू दे. काहीतरी एक होऊ दे आणि हे प्रकरण याच मैदानात मिटू दे.

तो आला. दाढी पांढरी झाली होती. फाटकाशीच उभा राहिला. ह्यांनी त्याला पाहिलं आणि चेहऱ्यावरचं हसू पार उतरलं.

"झालं, साहेब सुटले!" धनंजय म्हणाला. त्याची फाटकाकडे पाठ होती. "टाळ्याच जास्त पडल्या. उठा आता, यल्ला, बिर्याणी थंड होतेय."

"नाही झालं," हे म्हणाले. "जहूर राहिला."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. रोडेलला मराठी येत नव्हती, पण नाव कळलं, त्यानेही मान खाली घातली.

ह्यांनी हार काढून मांडीवर ठेवला. "नबीलच्या बदल्यात जहूर दिला. कागदावर काय लिहिलंय ते मला माहीत होतं. मीच लिहिलं होतं. त्या कंपनीत उद्या टीम राहिली नाही तर काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला कप दिसत होता." मग धनंजयकडे हात केला. "शिट्टी त्यांना दे."

धनंजयने वळून पाहिलं, उठला आणि मोहिद्दीनच्या हातात शिट्टी ठेवली. मी पदर तोंडाशी धरला. वाजव रे बाबा, मनात म्हटलं, जोरात वाजव.

मोहिद्दीनने शिट्टी उलटसुलट करून पाहिली.

"मी वाजवायला आलो होतो साहेब," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? टँकरमध्ये बसल्या बसल्या ठरवून आलो. सगळ्यांसमोर वाजवणार. पण वाजवली की खलास ना? मग तुम्ही सुटलात. टाळी वाजवली तरी सुटलात. अम्मी गेली, अब्बा गेले. मी पण पुढच्या साली निघतो. इथे त्याचं नाव कोण घेणार? आत्ता तुम्ही घेतलंत. किती वर्षांनी कानावर पडलं माझ्या."

तो चालत आला आणि शिट्टी ह्यांच्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली.

"वहिनींनी सांगितलं मला, दाराशी जागा ठेवता म्हणून. ठेवा. त्याला इथे एकटा सोडू नका, साहेब. घेऊन जा."

हे खुर्चीवर बसल्या बसल्या लहान मुलासारखे रडले. मोहिद्दीन शेजारी उभा होता, खांद्यावर हात ठेवून. बिर्याणी थंड झाली. पण मोहिद्दीन जेवल्याशिवाय गेला नाही. मीच त्याला वाढलं.

काय करायला गेले आणि काय होऊन बसलं! परतताना गाडीत मला रागच आला होता. मोहिद्दीनचा, ह्यांचा, माझा स्वतःचा.

पुण्याचं घर नवंकोरं होतं, रंगाचा वास येत होता. ह्यांनी कुलूप काढलं, बूट काढले आणि सवयीने भिंतीकडे सरकवले. मध्ये जागा राहिली. मग माझ्याकडे बघून ओशाळले आणि बूट परत अलीकडे घ्यायला वाकले.

"असू द्या," मी म्हटलं. माझ्याही चपला काढल्या आणि पायानेच भिंतीकडे सारल्या. मग आमटीला डाळ टाकायला आत गेले.